फिल्टरातलं कुटार

"गाडीत खोट काहीच नाही, काका. पोरीच्या हातची हाये ना, खोलून खोलून वाट लावली तिनं. मी इंजन करून देतो, मंग पाहा."

आमच्या अंगणात उभे राहून रमेशभाऊ मिस्त्री हे शिरपूरहून आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होते. पप्पा शेजारीच होते. मी खिडकीच्या आत, ओले केस टॉवेलात गुंडाळून उभी. दसऱ्याची सकाळ होती. आमच्याकडे त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात, म्हणून मीही पांढरा कुर्ता घातला होता. गिऱ्हाइकाला मात्र दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी न्यायची होती. गाडी माझी होती, कागद माझ्या नावाचे होते. ती विकायचं ठरलं तेव्हा मी घरात नव्हते, आणि आता मला फक्त सही करायला बोलावणार होते.

पप्पा "हो" म्हणाले नाहीत. "असं नाही" असंही म्हणाले नाहीत. ते पायानं जमिनीवरचा एक खडा सरकवत राहिले.

या गोष्टीला वर्ष झालं. आज पुन्हा सोयाबीन निघालंय. सकाळपासून गावाच्या तिन्ही बाजूंनी थ्रेशरची घरघर येतेय, मधेच शेंगांची मोठी पेंढी आत गेली की आवाज घोगरा होतो आणि पुन्हा मोकळा होतो. हवेत पिवळट कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, तरंगतंय. ते वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं, चहावर बसतं, मानेला खाज सुटते. डांबरी रस्त्याची अर्धी बाजू ताडपत्र्यांनी अडवलेली, त्यावर दाणे वाळताहेत आणि त्यांच्या कडेनं एसटी हळू, जपून जाते. वाळलेल्या शेंगेला एक कोरडा, किंचित आंबूस वास असतो. काही लोकांना या दिवसांत शिंका येतात. मला राग येतो. वर्षभर तो कुठं असतो कोण जाणे, पहिलं थ्रेशर सुरू झालं की तो येतो.

दोरीवर आत्ता माझ्या गाडीच्या फिल्टरचा फोम वाळतोय. करड्या रंगाचा, वहीच्या पानाएवढा स्पंजाचा तुकडा. त्याच्या शेजारी तोच पांढरा कुर्ता आहे, कोपऱ्यात काळा डाग असलेला. डाग निघाला नाही. आईनं दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

मी वाशिमच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. सोयाबीन निघालं आणि हरभरा पेरायचा राहिला की आमचा हंगाम असतो. शेतात जायचं, व्ही आकाराचा खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती खरवडून कापडी पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. इंझोरी, किन्हीराजा, शिरपूर, मधली लहान गावं. एसटी गावाच्या फाट्यावर सोडते, शेत तिथून पुढं तीन-चार किलोमीटर. म्हणून मला गाडी हवी होती. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

शोरूममध्ये विकणारा तरुण पप्पांशी बोलत होता. "साहेब, ताईसाठी हा कलर पाहा, लेडीजमध्ये लई चालते." मी गुलाबी आणि आकाशी स्कूटरच्या मधोमध उभी राहून शेजारच्या मोटरसायकलकडं पाहत होते. तिला सगळीकडून काळं प्लास्टिक. पाना बसेल अशी एकही जागा दिसत नव्हती. मी विचारलं, "याचा प्लग कुठून काढायचा?"

त्यानं पप्पांकडं पाहिलं. "साहेब, ताईले सांगा, याले हात लावायचं कामच नाही. सेन्सर हायेत सगळे. काही झालं तं सर्व्हिस सेंटरले आना."

ताईला सांगा! ताई हातभर अंतरावर उभी होती. आणि सर्व्हिस सेंटर त्या शोरूमच्या मागच्या बाजूला होतं. मी किन्हीराजाच्या शिवारात बंद पडले तर ते तिथे चालत येणार होतं का? हे मी मनात बोलले. मनात मी खूप बोलते. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा, त्यामुळे मी दोन्हींत कमी बोलायला शिकले. घरी, गल्लीत सगळे वऱ्हाडी बोलतात. मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतंच, "इंग्लिश मिडियमची हाये ते." म्हणून बहुतेक वेळा मी बघते. बघून बरंच कळतं. पण बघणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं लोक धरून चालतात.

मला आवडली ती गाडी शोरूममध्ये नव्हती, इंझोरीला एका निवृत्त गुरुजींच्या बकऱ्यांच्या गोठ्यात होती. मी त्यांच्या शेतातली माती घ्यायला गेले होते. पाणी प्यायला गोठ्यापाशी थांबले तर बांबूच्या तट्ट्याच्या आड ती दिसली. काळी, गोल दिव्याची, एका सिलिंडरची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिचं सगळं उघडं होतं. तारा कुठून कुठं जातात ते दिसत होतं, कार्बोरेटर हाताच्या अंतरावर होता, प्रत्येक नट समोरून दिसत होता. मी किती वेळ बघत होते माहीत नाही.

"काय पाह्यतं?" गुरुजींनी विचारलं. पप्पा सोबत नव्हते, त्यामुळे ते माझ्याशीच बोलले असं कुणी म्हणेल. पण पुढच्या वेळी पप्पा सोबत होते, तेव्हाही गुरुजी माझ्याशीच बोलले.

"विकायची आहे का?"

"मले आता रस्ता दिसत नाही, अन् गाडी उभी राह्यली की मरते. पण अशी नाही देत मी." त्यांनी खुंटीवरची कॅनव्हासची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत पाने होते, तेलात भिजवून पुसलेल्या फडक्यात गुंडाळलेले. "प्लग काहाड. साफ कर. परत लाव."

मी काढला. लावताना सरळ पाना घातला तसे ते ओरडले, "आधी हातानं! पहिले दोन आटे हातानं फिरवा लागतात. बरोबर बसून राह्यला का नाही, ते बोटाले समजते. मंग पाना." मी पुन्हा लावला. त्यांनी किक मारायला सांगितलं. पहिल्या किकला ती खोकली. दुसऱ्या किकला नीट लागली आणि तिचा तो आवाज आला, ठक-ठक, मधे जरा दम घेतल्यासारखा. गोठ्यातल्या बकऱ्यांनी मानही वर केली नाही. त्यांना सवय होती.

"घेऊन जाय," गुरुजी म्हणाले. "खोलता येते त्यालेच गाडी द्या लागते."

पप्पांनी तिला बघून कपाळावर हात मारला होता. "मिनू, हे गाडी तुझ्याहून म्हातारी हाये!" असेल. पण थंडीच्या सकाळी तिचा चोक किती वेळ ओढून धरायचा हे मला महिन्याभरात कळलं. उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरलं की ती रुसते, चढावर तिसऱ्या गिअरचा हट्ट धरते, स्टँडवर डावीकडे जरा जास्त कलते. काय दुखतंय ते ती आवाजात सांगते आणि ते मला दुरुस्त करता येतं. तिला मी निवडलं ते एवढ्यासाठी. माझ्या मैत्रिणी मायलेज विचारत होत्या. मला एवढंच बघायचं होतं की ती रस्त्यात थांबली तर तिला पुन्हा चालू करणारा माणूस मी असेन की दुसरं कुणी.

पहिल्या रविवारी मी तिचं साडी-गार्ड काढून ठेवलं. मागच्या चाकाच्या बाजूची ती लोखंडी जाळी. मागं एका बाजूला बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते. माझ्या मागं मातीच्या पिशव्या असतात. त्यांना पदर नसतो. शिवाय त्या जाळीत काडीकचरा अडकतो. मी ती खिळ्याला टांगली आणि तिच्यावर आईनं दोडक्याचा वेल चढवला. तर गल्लीतल्या प्रत्येकाला त्या जाळीची काळजी. "ताई, जाळी कुठं गेली?" "पोरी, थे जाळी लाव, बाईची गाडी हाये." बाई गाडी चालवते आहे हे डोळ्यांसमोर असूनही तिला मागच्या सीटवरच बसवून तिच्या पदराची काळजी करायची, याला काय म्हणावं?

किन्हीराजाच्या बायका मात्र वेगळ्या. शेंगा सोंगता सोंगता कंबर सरळ करून त्या माझ्याकडं बघायच्या. एकदा एक म्हातारी विळा हातात घेऊन बांधापर्यंत आली. "तूच चालवतं का वं हे?" मी मान हलवली. तिनं टाकीवरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "गरम लागून राह्यली," ती म्हणाली आणि हसत परत गेली. बांधावर उभा असलेला तिचा मुलगा तोवर रस्त्याकडं बघत होता. "मॅडम, साहेब मांगून येऊन राह्यले का?" कोणते साहेब? साहेब कुणीच नव्हते. माती मीच घेणार होते, तपासणारही मीच होते, आणि त्याच्या शेतात पालाश किती आहे हेही मीच कळवणार होते.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्याच रस्त्यावर ती बंद पडली. जड चालत होती, ओढत नव्हती, मागून काळा धूर येत होता. मी पळसाच्या झाडाखाली उभी करून प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट. साफ करून लावला, दोन आटे हातानं, मग पान्यानं. किलोमीटरभर गेली आणि पुन्हा बंद. तेव्हा मला कळलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. इंजिनात ऑइल जळत असतं तर धूर निळसर असता. म्हणजे हवा अडली होती. मी आठवडाभर थ्रेशरच्या शेजारी गाडी उभी करत होते, कुटाराच्या धुराळ्यातून जात होते. फिल्टर.

फिल्टरच्या डब्याला दहाचा पाना लागतो. पिशवीत दहाचा पाना नव्हता.

तो घरी होता. पप्पांनी पाण्याच्या मोटरीसाठी काढून घेतला होता आणि परत ठेवला नव्हता. माझे पप्पा लाइनमन होते. तीस वर्षांत त्यांनी स्वतःची पक्कड कुणाला दिली नाही. आईनं एकदा त्या पक्कडीनं नारळाची शेंडी ओढली तर दोन दिवस घरात बोलले नव्हते. आणि माझा पाना त्यांनी न विचारता नेला, कारण त्यांच्या लेखी तो माझा पाना नव्हताच, घरात पडलेला एक पाना होता.

मी गाडी ढकलत निघाले. तीन मोटरसायकली थांबल्या. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत मला सांगितलं की पेट्रोल संपलं असेल. एकानं टाकीचं झाकण उघडून, आत डुचमळणारं पेट्रोल बघून, पुन्हा तेच सांगितलं. तिघांपैकी एकाकडंही दहाचा पाना नव्हता.

शेवटी पप्पा टेम्पो घेऊन आले आणि गाडी रमेशभाऊंच्या गॅरेजला गेली. ते वाईट मिस्त्री नाहीत. पण गाडी उतरताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिले खोललं कोनं होतं?" पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि निदान तिथेच झालं. मग गाडीकडं बघायची गरज उरली नाही.

"एअर फिल्टर चोक असेल," मी म्हणाले. हळू म्हणाले, हे खरं. पण इतकं हळू नव्हतं की हातभरावर वाकलेल्या माणसाला ऐकू येऊ नये.

रमेशभाऊ पप्पांना म्हणाले, "साहेब, फिल्टरनं एवढं होत नसते. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजन खोला लागते."

दसऱ्याच्या आदल्या रात्री गाडी घरी आली, तशीच धूर सोडत. पप्पांनी इंजिनाच्या कामाला नकार दिला होता, म्हणून काहीच केलं नव्हतं. नाही, एक काम केलं होतं. दोडक्याचा वेल हिसडून जाळी नेली होती आणि मागच्या चाकाला घट्ट बसवली होती. "साडी-गार्ड राह्यलं होतं, ताई. लावून देलं." त्या दिवशी ते माझ्याशी बोलले ते एवढं एकच वाक्य.

पप्पांचं म्हणणं मला समजतं. मी घामाघूम, धुळीनं माखून गाडी ढकलत होते ते त्यांनी पाहिलं होतं. "रस्त्यावर एकटी उभी राह्यतं तू. मले झोप लागत नाही," ते म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीवर उपाय म्हणून त्यांनी मला दहाचा पाना परत दिला नाही, या गाडीला गिऱ्हाईक शोधलं आणि शोरूममधली नवी आणायचं ठरवलं. मी उघडू शकेन ती वस्तू काढून घ्यायची आणि जिला हात लावायचा नाही अशी द्यायची, म्हणजे मी सुरक्षित! ती बंद पडली तरी मी रस्त्यावर उभीच असणार होते, फक्त हात बांधून.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. "खोलून खोलून वाट लावली" हे वाक्य मला इतकं झोंबलं, कारण त्यात एक कण खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी फोम धुतला होता आणि त्यावर ऑइल लावताना जास्त लावलं होतं. फोम नुसता ओलसर हवा. मी तो निथळेपर्यंत भिजवला आणि नीट पिळला नाही. कोरड्या फोमवरून निम्मं कुटार झटकलं गेलं असतं. माझ्या फोमवर ते कणकेसारखं थापलं गेलं. चूक माझीच होती. पण ती मला सापडली होती आणि मला सुधारता येत होती. रमेशभाऊंच्या हातूनही चुका होतात. गल्लीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडं दोनदा जातात. त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही की पुरुषाच्या हातची गाडी आहे, खोलून वाट लावली.

तर दसऱ्याची सकाळ. खिडकीतून मला मोटरीचं झाकण दिसत होतं आणि त्यावर दहाचा पाना. आठ दिवस तिथेच होता.

मी टॉवेल काढून बाहेर आले. "मिनू, पांढरे कपडे हायेत!" आई मागून म्हणाली. पुढच्या क्षणी तीच एक जुनं फडकं घेऊन दारात उभी होती. मी पप्पांच्या समोरून मोटरीपर्यंत गेले आणि पाना उचलला. तो कुठं होता आणि कुणी ठेवला होता, हे पप्पांना त्या वेळी आठवलं असावं. त्यांनी खडा सरकवणं थांबवलं.

मी गाडीजवळ बसले. बाजूचं झाकण काढलं, डब्याचे दोन बोल्ट काढले. फोम सहज निघेना. बोटं घालून ओढला तेव्हा आला, जाड भाकरीएवढा फुगलेला, काळा-पिवळा, त्यात शेंगांच्या टरफलांचे तुकडे रुतलेले. मी तो ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. कुर्त्याला हात लागला, मला कळलंही. प्लग काढून पुसला. दोन आटे हातानं.

पहिली किक वाया गेली. दुसरीला ती लागली. सुरुवातीला एक काळा भपकारा आला, मग पातळ झाला, मग काहीच नाही. नुसता तो आवाज, मधे दम घेत जाणारा. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली.

रमेशभाऊ हसले. "फिल्टर काहाडल्यावर कोनतीबी गाडी मोकळीच चालते ना, ताई." पण त्यांची नजर ओट्यावरच्या फोमवर होती.

शिरपूरच्या काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून आवाज ऐकला. टाकीवर हात ठेवला. माणूस जाणकार असावा, चेहरा खुलला होता. मग ते सरळ उभे राहिले, माझ्या डोक्यावरून पप्पांकडं बघितलं आणि म्हणाले, "काय साहेब, मंग देता का नाही गाडी?"

पप्पांनी तोंड उघडलं. पण मी गाडी बंद केली होती, अंगण एकदम शांत झालं होतं, आणि त्या शांततेत माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"पप्पाले नका विचारू, काका. मले विचारा."